रातचं वावर

५ जानेवारी २०२५, रविवार. दुसरबीड

बायांनो, आजवर घराबाहेर कुठे कुठे रात्र काढली ते आठवा. माहेर. लग्नाचा मांडव. दवाखाना. कुणी गेले म्हणून काढलेली रात्र. देवाची यात्रा. यांतल्या एका तरी ठिकाणी तुम्ही आपल्या मर्जीने, काही निमित्त नसताना, नुसत्या राहायला गेला होतात का? पुरुष जातो. मित्राच्या लग्नाला म्हणून निघतो आणि तीन दिवसांनी परततो, त्याला कुणी हिशेब मागत नाही. तुमच्या रात्रीला मात्र कारण लागते, आणि तेही दुसऱ्या कुणाचे असावे लागते.

आज बचत गटाच्या बैठकीत बोलले ते आठवेल तसे उतरवून ठेवले आहे. तीस वर्षे लोकांसमोर उभी राहते आहे. समोरची शांतता कंटाळ्याची आहे की शब्द लागल्याची, ते मला कळते. आजची लागल्याची होती.

मग प्रस्ताव मांडला. या महिन्याच्या शेवटी दोन रात्री गावाबाहेर तंबू ठोकून राहायचे. प्रशिक्षण नाही, माहितीपत्रके नाहीत, पाहुणे नाहीत. भाषण एकच, उद्घाटनाचे, माझे. नऊ जणींनी हात वर केले. विमलबाईने तर दोन्ही. जागा बायांनीच निवडायची, हे मी ठासून सांगितले. दोन जागा मी मनात धरल्या आहेत, त्यांतली कोणती ते त्यांनी ठरवावे.

घरी आले तेव्हा सिंधूवहिनी आबांना पेज भरवत होती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावरही ती इथेच राहिली. मी कॉलेजात शिकवते, व्याख्यानांना गावोगाव जाते. घर तिच्याकडे आहे. आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, उजवी बाजू लुळी पडून चार वर्षे होत आली. उकंडराव म्हटले की एकेकाळी बाजार समितीत माणसे उठून उभी राहत. आता ते खाटेवर असतात.

वहिनीला शिबिराचे सांगितले. तिने विचारले, "तंबूत खाली काय अंथरतात हो ताई?"

"गादी असेल."

"गादीनं नाई भागत. थंडी खालून येते."

तिला घरातल्या वस्तूंपलीकडचे काही सुचत नाही, याचे कधी कधी वाईट वाटते.

८ जानेवारी

अर्धी रजा टाकून लोणारला जाऊन आले. सोबत विमलबाई आणि काजल. विमलबाईची सहा एकर शेती आहे, नातवंडे आहेत, आणि आवाज असा की मला माईक लागतो, तिला लागत नाही. काजल दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली. घरून निघताना सासूला तीनदा सांगून निघते.

लोणारच्या बाहेर गोकुळ नावाच्या माणसाने शेतात तंबू उभारले आहेत. पाटीवर तळ्याचे चित्र आणि खाली 'लेक व्ह्यू'. विमलबाईने चारी दिशांना पाहिले.

"काऊन हो भाऊ, तळं कुठं हाय?"

"तळं इथून थोडं पुढे आहे ना काकू. दीड-दोन किलोमीटर. पण फील येतो."

"फील तं आमाले दुसरबीडात बसून बी येते. त्याले यष्टीचं तिकीट काऊन काढाचं?"

गोकुळ हसला. माणूस वाईट नाही. त्याने शेकोटीची जागा दाखवली, गाण्याचे मोठे स्पीकर दाखवले, लेडीज ग्रुपला सवलत आहे असे सांगितले. शेजारच्या तंबूंत कोण उतरते, असे काजलने हळूच विचारले. "फॅमिलीच असतात हो. कधी कधी पोरांचा ग्रुप असतो, पण चांगल्या घरचे." काजलने फोन पर्समध्ये ठेवला आणि पुढे एकही फोटो काढला नाही.

जागा बाद. ज्या तळ्यासाठी जगभरातून माणसे येतात, ते न दाखवता त्याचे नाव विकायचे! यावर गोकुळला चार शब्द ऐकवले. त्याने ते ऐकून घेतले आणि आम्हाला चहा पाजला.

रात्री वहिनीने विचारले, "संडास किती व्हते?"

"तीन."

"पहाटच्याले रांग लागंल मंग. आन् कडी आतून व्हती का?"

मी पाहिले नव्हते.

१२ जानेवारी, रविवार

घरोघरून निरोप आले. नऊ घरे, आणि सगळ्यांनी एकच जागा सुचवली: शेगाव. काजलची सासू तर म्हणाली म्हणे, "शेगावले जा म्हना, दोन काऊन, चार दिस राह्य."

मी स्वतः शेगावला जाते. तिथली स्वच्छता आणि शिस्त पाहून दर वेळी बरे वाटते. भक्तीशी माझे भांडण नाही, परवानगीशी आहे. जी सून मैत्रिणीकडे रात्रभर राहते म्हटल्यावर उंबऱ्यात अडवली जाते, तिलाच देवाचे नाव घेतले की चार दिवस सुटी मिळते. म्हणजे सुटी तिला मिळतच नाही, देवाला मिळते. आज बैठकीत हे बोलले तेव्हा बाया हसल्या, टाळ्याही पडल्या. शेगाव बाद.

वहिनीला हे सांगितले तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"शेगाव नाई मंग?"

"नाही."

"बरं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिथं व्हीलचेअर भेटते म्हनतात. गाडी करून गेलं तं आबांले बी झोपवून नेता आलं असतं."

आबांचा यात काय संबंध, ते मला समजले नाही. त्यांना दर्शनाला न्यायचे असेल तर तो वेगळा विषय आहे. शिबिरात मिसळू नये. तसे तिला सांगितले.

१४ जानेवारी, संक्रांत

गेली सहा वर्षे आमच्या गटात हळदीकुंकू नाही. तिळगूळ आहे, आणि तो सगळ्यांना: सवाष्ण, विधवा, नवऱ्याने टाकलेली, माझ्यासारखी लग्न न केलेली. यासाठी मी गावात किती शिव्या खाल्ल्या आहेत! आज समाजमंदिरात पन्नासहून जास्त बाया आल्या. सत्यभामाबाईंसारख्या जुन्या वळणाच्या विधवा बाईनेही वाण घेतले.

माझ्याच घरातली वहिनी मात्र आली नाही. दर वर्षी बोलावते, दर वर्षी ती "पाह्यतो" म्हणते. संध्याकाळी पाचची वेळ, तिला बाहेर पडायला काय हरकत आहे? मी घरी आले तेव्हा ती आबांच्या पाठीला पावडर लावत होती. ओला झालेला बिछाना नुकताच बदलला होता. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने अर्धा आबांच्या तोंडात घातला.

रूढी बाहेर मोडता येते. माणसाच्या आत ती कुठे जाऊन बसलेली असते, ते शोधणे कठीण. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल.

१७ जानेवारी

खडकपूर्णा धरणाच्या काठावर जाऊन आलो. विमलबाईच्या मुलाने, राजकुमारने, आपल्या मालवाहू ऑटोत नेले. माझ्या मनातली जागा हीच होती, हे इथे मान्य करते. पाणी दूरवर पसरलेले, समोरचा काठ दिसत नाही. समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्र दाखवायचा तर इथे आणावे. पाणी मागे सरकलेय तिथे हिरवे गवत, त्यावर पांढरे पक्षी. काजल चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभी राहिली, बराच वेळ. तिला इतकी उंच मी याआधी पाहिले नव्हते. एरवी ती खांदे पाडून चालते.

विमलबाई मात्र पाण्याकडे पाठ करून उभी.

"काय झालं?"

"आडोसा पाहून राह्यलो मॅडम. झाड नाई, बांध नाई, झुडूप नाई. पहाटच्याले नऊ बाया कुठं जातीन?"

"तात्पुरती व्यवस्था करू."

"ह्या चिखलात? धरन बांधनारे सगळे गडीमानसंच व्हते, म्हनून कोनाले नाई सुचलं." काजल पाण्यातच हसायला लागली, आणि हसता हसता तिचा पाय गाळात रुतला. दोघींनी मिळून तिला ओढून काढले. एक चप्पल पाण्यावर गेली ती गेली.

मी म्हटले, एवढ्या क्षितिजासाठी थोडी गैरसोय सोसायला हवी. यावर शांतता झाली. ती कंटाळ्याची होती.

१९ जानेवारी, रविवार

बैठक. धरणाच्या बाजूने मी वीस मिनिटे बोलले. बोलणे चांगले झाले. मग हात वर करा म्हटले. एकटी काजल, तिचाही हात अर्धा.

तेव्हा विमलबाई उठली. "मॅडम, माह्या वावरात करू ना."

"कोणत्या?"

"हेच की, नदीच्या अंगाले. हरभरा हाय त्यात. हीर हाय, मोटर हाय, कोठा हाय, संडास बांधेल हाय."

मला खरेच हसू आले. "विमलबाई, त्याच वावरात तुम्ही रोज निंदणी करता. या सगळ्याजणी तिथेच रोजानं येतात. दिवसभर राबता तिथेच सुटीला जायचं?"

"दिसाचं वावर पाह्यलं हो. रातचं कोनं पाह्यलं?"

मग जे झाले त्याला बैठक म्हणता येणार नाही. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. रात्री विहिरीत चांदण्या दिसतात असे नवरा सांगतो. हरभऱ्याच्या पानांवर रात्री आंब, म्हणजे आंबट दव, पडते, फडके पसरून ठेवले की पहाटे पिळून काढता येते. रोही, म्हणजे नीलगायी, येतात ते नुसते खुरांवरून सकाळी कळते, खुद्द रोही कुणीच पाहिलेला नाही. एकीने सांगितले, "माह्या लग्नाले बावीस वर्स झाले. दिवस मावळला की घरी. तिथं मचाण हाय, मले त्यावर चढाचं हाय."

आमच्याकडे पिकाची रात्रीची राखण म्हणजे जागल. ती पुरुषांची. मचाणावर चढून, टॉर्च मारून, डबे वाजवून डुकरे हाकलायची. हरभऱ्यातले तण न तण या बायांनी उपटले आहे, आणि अंधार पडल्यावर ते शेत त्यांनी कधी पाहिलेले नाही. हे मला माहीत होते का? माहीत असावे. भाषणात मात्र कधी आले नाही.

नऊ विरुद्ध शून्य. मी मत दिले नाही.

घरी सांगितले. वहिनीने तवा उतरवला आणि म्हणाली, "विमलबाईचं वावर म्हंजे आपल्या जुन्या वावराच्या बाजूचं. तिथं बोरीचं झाड हाय बांधावर." मग म्हणाली, "व्हतं. आता असंल का नाई काय मालूम."

२० जानेवारी

घरांची परवानगी एका दिवसात आली. कारण ऐकून माझे डोके तापले. विमलबाईने घरोघर सांगितले की दोन रात्री बाया जागल करतील, पुरुषांनी घरी निवांत झोपावे. राजकुमार म्हणे खूष आहे, थंडीतून सुटका.

तिला गाठले. "ही मजुरी झाली, विमलबाई. मी बिनकामाची रात्र मागितली होती."

"तुमीच म्हनल्या ना, कारन दुसऱ्याचं नसावं? हरभरा माहा हाय मॅडम. डुक्कर बी मीच हाकलीन."

मी वादात अशी क्वचित अडते.

२२ जानेवारी

नवी अडचण. काजल रडवेली होऊन आली. "माही सासू म्हनते, सिंधूताई असतीन तं जाय. नाई तं नाई." मागोमाग आणखी तीन घरांतून तेच.

मी विमलबाईला म्हटले, "मी आहे ना सोबत."

"तुमी तं हायच की."

"मग?"

"कसं हाय मॅडम, तुमी बोलता तं पोरी उठून उभ्या राह्यतात. सिंधूताई जवळ असल्या तं त्या झोपतात. दोन्ही पायजे. पन रातच्याले झोपनं जास्त पायजे."

वहिनीकडे गेले. ती आबांचे कपडे वाळत घालत होती. म्हटले, तुला बायांनी मागितले आहे, तू चल. ती म्हणाली, "मले कसं जमंल ताई?" मला वाटले, हाच तो क्षण. रूढीवर, विधवेच्या मनातल्या भीतीवर, समाजाने घातलेल्या अदृश्य कुंपणावर मी तिला सगळे सांगितले, जे संक्रांतीला सांगायचे राहिले होते. तिने शेवटचा सदरा झटकून दोरीवर टाकला.

"रूढी नाई हो. आबांले रातून दोन-तीन खेपा कूस बदला लागते. नाई तं पाठीले जखम होते."

तेलाचा भाव सांगावा तसे तिने सांगितले आणि बादली उचलून आत गेली.

२३ जानेवारी

कॉलेजला जाण्याआधी आबांची कूस मी बदलून पाहिली. वहिनीला म्हटले, तू बाजूला हो. आबा हाडांचा सांगाडा झालेत असे मी समजत होते. त्यांचे निम्मे अंग मदत करत नाही आणि उरलेले निम्मे घाबरून विरुद्ध बाजूला ओढते. एक गुडघा खाटेवर टेकवला, खांद्याखाली हात घातला, ते सरकले आणि भिंतीवर आपटता आपटता राहिले. मी त्यांच्या अंगावर पडले. आबांना हसू आले की राग, कळले नाही. त्यांचे तोंड एकाच बाजूने हलते.

"तुले... एकटीले... नाई," ते म्हणाले.

वहिनी आली. चादरीची कड धरून तिने त्यांना सरळ केले. माझ्या कंबरेत कळ आहे. वहिनीच्या कंबरेत आहे का, हे मी कधी विचारलेले नाही. विचारले. "पट्टा हाय ना," ती म्हणाली. तो पट्टा मी रोज दोरीवर पाहते. तो आबांचा आहे असे समजत होते.

दुपारी वर्गात शिकवताना लक्ष लागले नाही. संध्याकाळी ठरवले: वहिनी जाईल, मी घरी राहीन. उद्घाटनाशिवाय शिबिर होते. विमलबाईला फोन करून सांगितले. "हाव का? बरं झालं," ती म्हणाली. भाषणाचे काय, असे तिने विचारले नाही.

पण मी एकटी पुरत नाही. कूस बदलायला मला दुसरा माणूस लागतो.

२४ जानेवारी

दीपकला फोन. दीपक माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो, आबांच्या कानाला मोबाइल लावायला लावतो, औषधे कुरिअरने पाठवतो. वाईट मुलगा नाही.

"दोन रात्रींसाठी ये," म्हटले.

"पुढच्या शुक्रवारी? अगं ताई, कसं शक्य आहे? एखादी बाई ठेव ना, पैशाचं मी बघतो."

"परका हात लागला की आबा ओरडतात."

"मग शिबिर पुढे ढकल. मार्चमध्ये मी नक्की बघतो."

"मार्चात हरभरा राहत नाही."

तो हसला. त्याला वाटले, मी विनोद केला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, सिंधूवहिनींना सवय आहे. आपल्याला नाही जमत ते."

'आपल्याला' या शब्दात मीही होते. म्हणून मी फोन ठेवला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदन झाले, बोलले. काय बोलले ते आठवत नाही. घरी आले तर अंगणात दोरीवर वहिनीची जाड वाकळ उन्हात घातलेली होती, ट्रंकेतली, पाच पदरी. अंथरायची. शेजारी सत्यभामाबाई उभ्या होत्या.

"कुठं जाऊन राह्यली वं सिंधू?"

"कुठं नाई. ऊन दाखवून राह्यलो."

दुपारी तिने वाकळ काढली, घडी केली, ट्रंकेपाशी नेली. ट्रंक उघडली नाही. घडी तशीच ट्रंकेवर ठेवली.

मग मी माडीवर जाऊन फोनमध्ये बोलणे रेकॉर्ड केले आणि दीपकला पाठवले. नंतर लिहून ठेवायची सवय, म्हणून:

बंधूंनो, अशीच माझी सुरुवात असते. आज समोर बंधू एकच आहे. दीपक, आपण दोघे उकंडरावांची मुले. आपल्या दोघांचीही एक तक्रार आहे: आपल्याला वेळ नाही. ही तक्रार घेऊन तू पुण्याला गेलास आणि मी व्यासपीठावर. आपल्या दोघांचा वेळ ज्या घरातून निघतो, तिथे एक बाई चार वर्षांत एकही रात्र सलग झोपलेली नाही. तू सवय म्हणालास. बायका कशाच्या सवयीने जगतात, यावर मी गावोगाव बोलले, टाळ्या घेतल्या, आणि रात्री घरी येऊन तिच्या हातची भाकरी खाल्ली. तुला पैसे मागत नाही. क्षमा मागत नाही, मागायला लावतही नाही. तिला एका बोरीच्या झाडाखाली झोपायचे आहे. झाड आहे की नाही, तेही तिला माहीत नाही. चार घरांनी तिच्या भरवशावर आपल्या सुना सोडल्या आहेत. आपल्या घराने तिला सोडायचे बाकी आहे.

शुक्रवारी, एकतीस तारखेला, दिवस मावळायच्या आत दुसरबीडला ये. आबांच्या खाटेची डावी बाजू मी धरते. उजवी तू धर.